दोनशे कोटींची कुपी

शेंडीत ऑगस्टचा पाऊस वरून पडत नाही, चहूकडून येतो. खिडकीच्या फटीतून येतो, वाशांमधून येतो, वाळत घातलेल्या टॉवेलातून तर दोन दिवसांनीही येतोच. धरण हाकेच्या अंतरावर होतं, पण धुक्यामुळे भिंत दिसेना. 1910 साली बांधायला घेतलेलं आणि 1926 साली पुरं झालेलं हे धरण सरकारी कागदावर विल्सन डॅम आहे, माणसांच्या तोंडी मात्र भंडारदराच. आम्ही रंध्याचा धबधबा पाहायला आलो होतो. पाहिला तो नऊ वर्षांच्या भाच्याच्या पोटातला गडगडाट.

त्याला पुण्याहून निघतानाच घशासाठी अँटिबायोटिक चालू होतं. चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. मी औषधाच्या दुकानात गेले, तर दुकानदाराने विचारण्याआधीच एकमेकींना चिकटलेल्या प्लास्टिकच्या छोट्या कुप्यांची पट्टी पुढे सरकवली. "चांगले जंतू आहेत ताई, पोटात सोडायचे." घरी आले तर ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मावशींनी तांदळाची पेज चुलीवर चढवलेली. "त्ये औषध द्या मागून. आधी मीठ-साखरेचं पाणी पाजा पोराला, सुकून जाईल."

मावशींचा क्रम बरोबर होता. जुलाबात जीव घेतं ते शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जाणं. म्हणून मुलांच्या जुलाबात पहिला मान ओआरएसच्या पुडीचा आणि 10 ते 14 दिवसांच्या झिंकचा. सारं जग आज हेच सांगतं. जिवंत जंतूंची कुपी त्यानंतर, आणि तीही काही वेळाच.

रात्री वीज गेली. पोर झोपलं होतं. मी बॅटरीच्या उजेडात त्या कुपीवरची बारीक अक्षरं वाचायला बसले. बॅसिलस क्लॉसी. 5 मिलिलिटर. 200 कोटी बीजाणू.

पुन्हा वाचलं. आपला अख्खा देश 140 कोटींच्या घरात. त्याहून जास्त जीव एका चहाच्या चमच्यात, आणि कुपी उजेडासमोर धरली तर आत जरासं गढूळ पाणी.

बीजाणू हा शब्द कुणी घडवला माहीत नाही, पण नेमका घडवला. परिस्थिती बिघडली की काही जीवाणू स्वतःच्या आत एक बी तयार करतात. आपला जनुकीय ऐवज ते आतल्या खोलीत ठेवतात, त्याभोवती छोट्या प्रथिनांचं वेष्टन घालतात, आतलं बहुतेक पाणी बाहेर काढतात आणि वर थरावर थर चढवतात. मग उरलेली पेशी विरून जाते, बी तेवढी राहते. ती श्वास घेत नाही, खात नाही, वाढत नाही. जठरातलं आम्ल तिला सोसतं, फ्रिजही तिला लागत नाही. पुढे आतड्यात ओल, ऊब आणि खाद्याची चाहूल लागली की ती काही मिनिटांत फुटते आणि कामाला लागते. पावसाळ्यात तासन्‌तास वीज नसलेल्या गावात हीच कुपी का टिकते, याचं उत्तर त्या कवचात आहे. फ्रिजमध्येच ठेवायची म्हणून विकली जाणारी कॅप्सूल इथे हळूहळू नुसतीच पावडर होण्याची शक्यता जास्त.

या कुपीतल्या जीवाचं नावही गमतीचं आहे. आधी त्याला बॅसिलस सबटिलिस समजत. नंतर कळलं की हा निराळाच, क्लॉसी. ते नाव डिटर क्लॉस या जर्मन जीवाणूतज्ज्ञावरून पडलेलं. पुढे 2021 साली पुण्यातले काही संशोधक लोणारच्या खाऱ्या सरोवरात सापडलेल्या एका नव्या जीवाणूचं वर्णन लिहीत होते. त्याचे नातेवाईक कोण, हे शोधताना त्यांनी त्या सगळ्या गोतावळ्याच्या जनुकांची तुलना केली आणि लक्षात आलं की एका आडनावाखाली सात वेगवेगळी घराणी नांदताहेत. त्यांनी वाटण्या करून दिल्या. क्लॉसी ज्या घराण्यात गेला त्याला नाव मिळालं शौचेला, पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात सूक्ष्मजीवांचा प्रचंड संग्रह उभा करणाऱ्या डॉ. योगेश शौचे यांच्यावरून. म्हणजे देशभर पोरांच्या तोंडात रिकाम्या होणाऱ्या या कुपीतला जीव आता शास्त्रात शौचेला क्लॉसी आहे. लेबलाला अजून पत्ता नाही. लेबलं तशीही मागेच असतात. आपल्याकडच्या एका जुन्या, लोकप्रिय गोळीवर वर्षानुवर्षं लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनेस असं छापून येत राहिलं. तो लॅक्टोबॅसिलस नव्हेच, तो बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स. लॅक्टोबॅसिलसला बी धरताच येत नाही.

नावाची ही उठाठेव कशाला, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर शेंडीच्याच अकोले तालुक्यात, कोंभाळण्याला आहे. तिथे राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 साली पद्मश्री मिळवली. त्यांच्यासारख्या बाईसमोर "मला भाताचं बी द्या" म्हणून पाहा. पहिला प्रश्न येईल, कोणतं? काळभात की जिरवेल? जमीन खाचराची की वरकस? पाऊस किती? भात म्हणजे काही एक गोष्ट नाही. एक वाण पाण्यात उभा राहतो, दुसरा आडवा होतो.

प्रोबायोटिक हाही तसाच नुसता भात म्हणण्यासारखा शब्द आहे. 2001 साली जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनी त्याची व्याख्या केली. पुरेशा प्रमाणात घेतल्यावर घेणाऱ्याच्या प्रकृतीला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव, असा तिचा सारांश. त्यात तीन अटी आहेत: जिवंत हवेत, पुरेसे हवेत, फायदा दिसायला हवा. आणि फायदा दिसतो तो वाणाचा. एकाच जातीचे दोन वाण, एक उपयोगी आणि दुसरा बिनकामाचा, असं सर्रास घडतं.

याचं सगळ्यात भन्नाट उदाहरण पहिल्या महायुद्धातलं. अँटिबायोटिकं अजून जन्मायची होती, छावण्यांत हगवणीने सैनिक आडवे होत होते. जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे डॉक्टर आल्फ्रेड निस्ले यांना एक सैनिक असा भेटला की आजूबाजूचे सगळे आजारी, हा ठणठणीत. निस्लेंनी विचार केला, याच्या पोटात असं आहे तरी काय? त्याच्या विष्ठेतून त्यांनी 1917 साली एक जीवाणू वेगळा काढला. तो होता इ. कोलाय! ज्याच्या नावाने आपण पाण्याचे नमुने नापास करतो, त्याच जातीचा. पण हा वाण रोग करत नव्हता, रोग करणाऱ्यांना जागा देत नव्हता. शंभर वर्षांनंतरही तो औषध म्हणून विकला जातो.

काही वर्षांनी इंडोचायनात फ्रेंच शास्त्रज्ञ हेन्री बुलार यांनी पाहिलं की कॉलऱ्याच्या साथीत काही लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात. त्या फळांवरून त्यांना मिळालेलं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस बुलार्डी. पाव फुगवणाऱ्या यीस्टचा हा सख्खा भाऊ, आणि जीवाणू नसून बुरशीच्या गोतातला. म्हणून जीवाणूंवरची अँटिबायोटिकं त्याला काही करू शकत नाहीत. त्या आधी पॅरिसमध्ये शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी बल्गेरियातल्या शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचं श्रेय आंबट दुधाला दिलं होतं. ते स्वतः ते रोज घेत. असा नावाजलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर युरोपभर दह्याची लाट आली; 1908 साली त्यांना नोबेलही मिळालं. ते गेले एकाहत्तराव्या वर्षी, पण कल्पना मात्र दीर्घायुषी निघाली.

आता ही बी पडते ते रान कसं आहे पाहू. आपल्या शरीरात मानवी पेशी साधारण 30 लाख कोटी आणि जीवाणू 38 लाख कोटी, असा हिशेब 2016 साली मांडला गेला. जीवाणूंतले जवळजवळ सगळे मोठ्या आतड्यात. सगळे मिळून वजन 200 ग्रॅमच्या आसपास. त्यांच्यासमोर कुपीतले 200 कोटी म्हणजे एकोणीस हजारांच्या जत्रेत एक माणूस शिरला. तो जत्रा कशी बदलणार? बहुतेकदा बदलत नाहीच. तो येतो, जाता जाता थोडं आम्ल सोडतो, एखाद्या गुंडाची जागा अडवतो, आतड्याच्या भिंतीतल्या संरक्षक पेशींच्या कानाला लागतो आणि काही दिवसांत वाट धरतो. कुपी बंद केली की पाहुणे संपले. "पोटात चांगले जंतू वाढवा" ही जाहिरात ऐकताना हे आठवावं. ते वस्तीला येत नाहीत.

शिवाय आधीची वस्ती ठिकाणागणिक वेगळी. पुण्याच्या संशोधकांनी 2016 साली भारतीयांच्या आतड्यांतले जीवाणू इतर देशांतल्या नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा आपल्याकडे प्रेव्होटेला आणि मेगास्फिरा ही मंडळी जास्त भरली. धान्य, डाळी, कोंडा खाणाऱ्या पोटांतली ही ओळखीची गर्दी. त्याआधी 2014 मध्ये पुण्यातच माणसाच्या विष्ठेतून एक नवी जाती सापडली. ऑक्सिजन लागला की मरणारी. तिचं नाव मेगास्फिरा इंडिका. एक जीव हजारो वर्षं आपल्या पोटात राहतो आणि त्याचं बारसं आत्ता होतं! असे बिनबारशाचे अजून कितीतरी असणार. आणि कारखान्यांतल्या बहुतेक बाटल्यांतले वाण आलेत युरोप, अमेरिका, जपानमधून.

तरी बाहेरची बी कधी कधी अशी उगवते की पाहत राहावं. ओडिशाच्या खेड्यांत 4,556 नवजात बाळांवर झालेला प्रयोग 2017 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या बाळांना जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा एक निवडून काढलेला वाण दिला, सोबत त्याचं खाद्य म्हणून थोडी साखरेच्याच कुळातली शर्करा. दोन महिने लक्ष ठेवलं. ज्यांना नुसती पावडर मिळाली त्यांच्यात रक्तातला जंतुसंसर्ग किंवा मृत्यू 9 टक्के, वाण मिळालेल्यांत 5.4 टक्के. खर्च बाळामागे जेमतेम एका डॉलरच्या आसपास. (ही शर्करा उसाच्या साखरेपासूनही बनवतात. खाली या धरणातून सुटणाऱ्या प्रवरेच्या पाण्यावर उभा असलेला ऊस पाहताना मला हे उगीच आठवत राहतं.) नवजात बाळाचं पोट म्हणजे नुकताच राब भाजलेला वाफा. गर्दी नाही, त्यामुळे पहिल्या बीला जागा मिळते. पण बी कोणतीही नव्हती. असंख्य वाण चाळून, आतड्याला चिकटून राहील असा एक शोधायला वर्षं गेली होती. आणि बाळंही आईचं दूध पिणारी, दोन किलोंच्या वरची, पुऱ्या किंवा जवळजवळ पुऱ्या दिवसांची होती.

पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या 971 आणि कॅनडातल्या 886 मुलांवरचे दोन प्रयोग छापून आले. ऐन जुलाबात दवाखान्यात आलेली लहान मुलं, नावाजलेले वाण, चोख मांडणी. फरक शून्य. ज्यांना नुसती पावडर मिळाली तीही तितक्याच दिवसांत बरी झाली.

दोन्ही निकाल खरेच. वाण वेगळा, रान वेगळं, हंगाम वेगळा.

अँटिबायोटिकबरोबर होणाऱ्या जुलाबांत, म्हणजे माझ्या भाच्यासारख्यांच्या बाबतीत, काही वाणांचा फायदा दिसतो. थोडाच, पण बऱ्याच प्रयोगांत दिसलेला. दूध न पचणाऱ्यांना जिवंत दही सोसतं, कारण दह्यातले जीवाणू दुधातली साखर स्वतः फोडतात. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने शेकडो दावे फेटाळले आणि हा एक मान्य केला, तोही एका ग्रॅममध्ये किमान 10 कोटी जिवंत जीवाणू असतील तर. अंगावर पिणाऱ्या, सारख्या रडणाऱ्या बाळांच्या पोटदुखीत लॅक्टोबॅसिलस रॉयटेरायच्या एका विशिष्ट वाणाने आराम पडतो असं दिसलंय. याच्या पलीकडे वजन, मूड, त्वचा, केस, बुद्धी यांबद्दल जे छापलेलं असतं त्यातलं बरंचसं अजून डब्याच्या कागदापुरतंच आहे.

आता धोका. इथे मी जरा थांबणार आहे, कारण "दह्यासारखंच तर आहे, नुकसान काय होणार?" हे वाक्य मी स्वतः अनेकदा म्हटलंय.

नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाला गंभीर सूज आलेल्या जवळपास 300 रुग्णांवर एक प्रयोग झाला. डॉक्टरांचा हेतू सरळ होता. आतड्यातले वाईट जीवाणू भिंत ओलांडून रक्तात जातात, तर चांगल्यांची फळी उभी करू. सहा वाणांचं मिश्रण थेट आतड्यात सोडलं. 2008 साली निकाल आला. मिश्रण मिळालेल्यांत 24 दगावले, न मिळालेल्यांत 9. मिश्रणाच्या गटात नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. आजाराने आधीच श्वास कोंडलेल्या आतड्यावर कोट्यवधी कामकरी जीव सोडले तर त्यांनाही अन्न आणि ऑक्सिजन लागणारच, असा एक अंदाज नंतर मांडला गेला. निरोगी माणसाच्या पोटातून निमूट निघून गेलेले पाहुणे खिळखिळ्या घरात भिंत पाडून बसले.

म्हणून अतिदक्षता विभागातले रुग्ण, मोठ्या शिरेत नळी असलेले, केमोथेरपी चालू असलेले, अवयव बदललेले, यांच्यासाठी ही कुपी म्हणजे ताकाचा पेला नव्हे. बुलार्डीचं यीस्ट अशा रुग्णांच्या रक्तात शिरल्याच्या नोंदी आहेत. नळी असलेल्या रुग्णाच्या खाटेशेजारी त्याची कॅप्सूल उघडूसुद्धा नये, कारण हवेतून, हातावरून ती पावडर नळीपर्यंत पोचते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा प्रश्न सगळ्यांत अवघड. त्यांच्या आतड्याच्या जीवघेण्या सुजेत काही वाणांनी मदत केल्याचं प्रयोग सांगतात, आणि 2023 साली अशाच एका बाळाच्या रक्तात दिलेला जीवाणू सापडून ते दगावल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णालयांना धोक्याचा इशाराही दिला. हा निर्णय नवजात शिशूंच्या डॉक्टरांचाच, शेजाऱ्यांचा किंवा दुकानदाराचा नाही.

धडधाकट माणसाला सहसा थोडे वारे धरतात, पोट फुगतं, एवढंच. पण इस्रायलमधल्या एका छोट्या प्रयोगाने मला विचारात टाकलं. एकवीस निरोगी लोकांना आठवडाभर अँटिबायोटिकं दिली. मग काहींना अकरा वाणांचं प्रोबायोटिक, काहींना काहीच नाही, काहींना आधी साठवून ठेवलेले त्यांचेच जीवाणू परत. स्वतःचे परत मिळालेल्यांची वस्ती काही दिवसांत सावरली. काहीच न मिळालेल्यांची तीनेक आठवड्यांत. प्रोबायोटिक घेतलेल्यांची पाच महिन्यांनीही पुरती परतली नव्हती. वणव्यानंतरच्या डोंगरावर आपण घाईने बाहेरची झाडं लावली आणि जमिनीत दडलेली करवंदं, कारवी उगवायची राहिली, असं काहीसं. प्रयोग लहान आहे आणि एकाच मिश्रणाचा आहे, त्यावरून सगळ्या कुप्यांना दोष देता येत नाही. पण "अँटिबायोटिक घेतलंय ना, मग हेही घे" हे जे आपोआप होतं, त्यापाशी जरा अडखळायला हरकत नाही.

मी सकाळी पुण्याला आमच्या डॉक्टरांना फोन लावला. रेंज फक्त अंगणाच्या एका कोपऱ्यात, छत्री धरून उभं राहिलं तर. त्यांनी लघवी होतेय का, जीभ ओली आहे का, शौचात रक्त नाही ना, असं सगळं विचारलं आणि मग म्हणाले, कुपी द्यायची तर द्या, अँटिबायोटिकपासून दोन तास सोडून. ओआरएस मात्र चुकवू नका.

भाचा दुपारपर्यंत बसता झाला. कुपीने, पाण्याने की त्याच्या पोटातल्या जुन्या रहिवाशांनी, कोण सांगणार. मावशींनी पेजेत ताक घालून दिलं. दही त्यांच्या घरचंच, डांगी गाईच्या दुधाचं. या गाईची कातडी तेलकट असते, म्हणून ती इथल्या पावसात उभी राहते. मडकं चुलीजवळ घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं. दह्याचे जीवाणू उबेला हपापलेले, आणि इथला गारठा त्यांना आवडत नाही.

त्या मडक्यात रात्री काय चाललेलं असतं, हे कळल्यापासून मी विरजणाला जपून हात लावते. तिथे बहुतेकदा दोघे जण असतात. गोल दाण्यांची माळ असावी तसा स्ट्रेप्टोकॉकस आधी उठतो, दुधातला ऑक्सिजन संपवतो, थोडं आम्ल करतो आणि दुसऱ्याला लागणारी द्रव्यं सोडतो. मग काडीसारखा लॅक्टोबॅसिलस जागा होतो, दुधातली प्रथिनं तोडून पहिल्याला खाऊ घालतो. एकटे असले तर दोघेही रेंगाळतात. दोघं मिळून दूध इतकं आंबवतात की त्यातल्या केसीन या प्रथिनाचे कण एकमेकांना धरून बसतात, आणि आपण म्हणतो दही लागलं. घरचं दही काटेकोर व्याख्येत प्रोबायोटिक नाही, कारण त्यातले वाण कुणी मोजलेले नाहीत, पोटात पोचेपर्यंत किती तगतात ठाऊक नाही. नागलीच्या आंबिलीचंही तेच. पण त्या नागलीचा कोंडा आतड्यातल्या जुन्या रहिवाशांचं रोजचं जेवण आहे. ते त्याचं ब्युटिरेट नावाचं द्रव्य बनवतात आणि आतड्याच्या भिंतीतल्या पेशी त्यावर जगतात. ब्युटिरेट हे नाव लॅटिनमधल्या लोण्याच्या शब्दावरून आलंय.

मी मावशींना रिकामी कुपी दाखवली आणि आत किती जीव होते ते सांगितलं. त्यांनी ती उलटी करून तळहातावर आपटली.

"दोनशे कोटी? आन् या मडक्यात किती असतील?"

मी मनात हिशेब मांडला. एका ग्रॅमला काही कोटी म्हटले तरी अर्ध्या वाटीतच कुपी मागे पडत होती. तसं सांगितलं तर त्यांना मुळीच नवल वाटलं नाही.

तेवढ्यात दारात शेजारची पोर आली. डोक्यावर इरलं, त्याखाली पदरात झाकलेली रिकामी वाटी. आईचं विरजण बिघडलं होतं, दुधाला तार सुटलेली. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत; अजून अवकाश होता, म्हणून मावशी लगेच उठल्या. मडक्याच्या मधोमध, न मोडलेल्या जागेतून त्यांनी एक चमचा दही काढलं, वाटीत ठेवलं, वर बशी झाकली आणि म्हणाल्या, "पाणी जाऊ देऊ नको आत."

पोर इरल्याखाली वाटी पोटाशी धरून पावसात पळत सुटली.